भरतीची वाट

टायरला हात लावायला सगळे गुडघ्यावर बसले, तेव्हा मी वर केबिनमध्येच होतो. खिडकीतून मला त्यांची फक्त डोकी दिसत होती. बर्गे सरांचं टक्कल, अल्ताफची मळकी टोपी आणि मध्ये धैर्यशीलचे दाट केस.

"ही नक्षी बघ," बर्गे सर म्हणाले. "कडेचे ठोकळे कसे बाहेर काढलेत बघ. चाक फिरलं की चिखल आपोआप फेकला जातो. माती अडकून राहायचा प्रश्नच नाही."

"हायवेला आवाज लई करणार पण," अल्ताफ म्हणाला.

"करू दे की. हायवेसाठी कोण घेतंय ही?"

"तसं नव्हे सर. असला ठोकळ्यांचा बटन टायर चिखलाला बरा. वाळूत तो उकरत जातो. वाळूला सपाट लागतो, हवा कमी करून."

"ते जुन्या जीपचं गणित झालं, अल्ताफ. हिला वाळूसाठी वेगळं बटण दिलंय. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा ते गाडीच ठरवते."

धैर्यशील टायरवरून तळहात फिरवत होता, म्हैस विकत घेताना तिच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग उठला आणि खिडकीशी येऊन मला म्हणाला, "कसं वाटतंय वरून?"

"झकास," मी म्हणालो.

गाडी खरोखरच झकास होती. नव्या निघालेल्या त्या पिकअपचं नाव 'सांबर'. रंग ओल्या दगडासारखा. कराडमध्ये ती पहिल्यांदा आली ती धैर्यशीलच्याच दारात. शोरूमपासून घरापर्यंत तिचे जितके फोटो निघाले तितके त्याच्या लग्नातही निघाले नसतील. आमच्या डोंगरवाटा क्लबातली झाडून सगळी मंडळी तिला बघून गेली होती. कुणी खाली झोपून पोट बघितलं, कुणी मागच्या हौद्यात उड्या मारल्या. तिला वाळूत घालायचा मान आम्हा चौघांना होता. म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही घाट उतरून दापोलीच्या खाली, एका खाडीच्या तोंडाशी आलो होतो. अल्ताफची जुनी जीप सोबत होती. तिचा रंग कधीच उडालेला होता, पण पुढे ओढायची तार बसवलेली होती. बर्गे सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांची स्वतःची गाडी लहान, शहरात फिरायची. पण टायरबद्दल त्यांनी जगातलं सगळं वाचलेलं होतं.

माझी चाकाची खुर्ची सुरूच्या झाडाखाली उघडून ठेवली होती.

सात वर्षांपूर्वी, पाटणच्या पलीकडे एका घाटात, पावसाने पोकळ झालेली रस्त्याची कड सुटली आणि आमची जीप कलंडली. चालवत धैर्यशील होता. त्याच्या भुवईला चार टाके पडले. माझ्या कमरेखालचं सगळं गेलं. चूक कुणाचीच नव्हती. पोलिसांनी तसं म्हटलं, डॉक्टरांनी तसं म्हटलं, माझ्या आईनेसुद्धा तसंच म्हटलं. एकट्या धैर्यशीलने ते मानलं नाही. मला दवाखान्यातून त्याने घरी आणलं. आमच्या बोळात त्याने रॅम्प बांधून घेतला. न्हाणीघरात दांडे बसवले. मी विमा कंपनीच्या ऑफिसात पुन्हा रुजू झालो तर सकाळी सोडायला तो, संध्याकाळी आणायला तो. आणि क्लबाची प्रत्येक सफर निघाली की पुढच्या सीटवर मी. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे, "हं, धर," म्हणायचा आणि उचलायचा. सांबर जमिनीपासून फार उंच म्हणून त्याने घरी सराव केला होता. त्याच्या बायकोने मला सांगितलं, "अहो भावजी, आठवडाभर हे सिमेंटचं पोतं उचलून गाडीत ठेवत होते. वर थोडी वाळूही घातली होती, तुमच्या वजनाची व्हावी म्हणून."

हे ऐकल्यावर माणूस काय बोलणार?

मला त्या दिवशी त्याच्याशी एक गोष्ट बोलायची होती. कराड सोडलं तेव्हा म्हटलं, उंब्रजला चहाला थांबू तेव्हा बोलू. चहा झाला. मग म्हटलं, घाट उतरल्यावर. घाट उतरताना तो म्हणाला, "आता आपल्याला कुठंच अडायला नको, सुहास. पुढच्या वर्षी लडाख. तुझ्यासाठी सीट मागे जाईल अशी करून घेतो, रात्रीचं आडवं होता येईल." मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. सकाळपासून मी पाणी प्यायलो नव्हतो. सफरीला निघताना मी कधीच पीत नसे. पाणी प्यायलं की पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात जातं.

"चल," धैर्यशील म्हणाला. "मी एकदा हवा बघून येतो, मग निघू." तो सुरूच्या झाडांमागे गेला आणि तोंड पुसत परत आला.

पहिली फेरी छानच झाली. ओहोटीने किनारा लांबवर उघडा पडला होता, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. गाडी नुसती तरंगत गेली. बर्गे सर मागच्या सीटवरून मोबाइलवर चित्रण करत होते आणि बोलत होते, "मित्रांनो, टायरची पकड बघा, एक कणभरही घसरण नाही." अल्ताफ जीप घेऊन सुरूपाशीच थांबला होता. फेरी संपत आली तेव्हा सर म्हणाले, "तिकडे खाडीच्या तोंडाशी जो उंचवटा आहे तिथे जाऊ. मागे समुद्र, बाजूला खाडी. फोटो असा येईल की कंपनीवाले मागून नेतील."

मध्ये एक सखल पट्टा होता, घोट्याएवढ्या पाण्याचा. तो सहज ओलांडला. पलीकडे वाळूचा रंग किंचित काळपट होता. धैर्यशीलने बटण दाबलं, पडद्यावर वाळूच्या टेकडीचं चित्र उमटलं आणि आम्ही पुढे गेलो. थोड्याच अंतरावर गाडी एकदम म्हातारी झाल्यासारखी वाटली. इंजिन ओरडत होतं आणि आम्ही जागेवर होतो. वर वाळूचा पापुद्रा, खाली खाडीचा गाळ. मागचं चाक आधी बसलं, मग पुढचं. धैर्यशीलने अजून जोर दिला. कडेच्या ठोकळ्यांनी बर्गे सर म्हणाले होते तसंच केलं. चिखल आपोआप फेकला. फेकत फेकत चारही चाकं खाली गेली आणि गाडी पोटावर टेकली.

"बंद कर," मी म्हणालो.

दोघे उतरले. त्यांचे पाय नडगीपर्यंत आत गेले. मी वर बसून राहिलो.

मग सुरू झाली ती चर्चा. सर म्हणाले, हवा उतरवली असती तर टायर पसरला असता. धैर्यशील म्हणाला, तुम्हीच म्हणालात गरज नाही म्हणून. सर म्हणाले, मी घट्ट वाळूबद्दल बोलत होतो. दोघांनी चारही चाकांची हवा अर्ध्यावर आणली. नव्या फावड्याने चाकांपुढे उकरलं. जितकं उकरलं तितकं पाणी साचलं. अल्ताफला फोन केला तसा तो जीप घेऊन सखल पट्ट्यापर्यंत आला. तार पुरेना, म्हणून तिला पट्टा जोडला.

"दादा, आधी सुहासभाईला काढा," अल्ताफ लांबूनच ओरडून म्हणाला.

"निघतीय रे गाडी. निघाली की बसूनच येईल तो."

पट्टा ताणला. गाडी किंचित हलली; मला आशा वाटली. मग फटाका फुटावा तसा आवाज झाला, तुटलेला पट्टा हौद्यावर येऊन आदळला आणि तिकडे जीपचीच मागची चाकं रुतायला लागली. अल्ताफ शहाणा. त्याने क्षणभरही वाट न बघता जीप मागे घेतली आणि घट्ट वाळूवर नेऊन उभी केली.

मी समोरच्या काचेतून समुद्राकडे बघत होतो. लाटा अजून लांब होत्या. पाणी समोरून येईल असं मला वाटत होतं. सहज आरशात बघितलं तर आम्ही ओलांडून आलो तो सखल पट्टा आता ओढ्यासारखा वाहत होता. पाणी आधी मागून आलं होतं. आम्ही आणि किनारा यांच्यामध्ये.

"धैर्या," मी म्हणालो, "मागे बघ."

त्याने बघितलं. फावडं खाली टाकलं. दार उघडायला गेला तर दार चार बोटं उघडून चिखलात अडकलं. मग खिडकी खाली करून त्याने मला खिडकीतून ओढलं आणि पाठीवर घेतलं. बर्गे सरांनी मागून माझे पाय धरले. एकटा माणूस नडगीपर्यंत रुतत होता. दोघांच्या वजनाने धैर्यशील पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेला, दुसऱ्याला मांडीपर्यंत. तिसरं पाऊल उचलेना. त्याच्या मानेवरच्या शिरा माझ्या गालाला लागत होत्या. तो पुढे झुकला तेव्हा माझं तोंड चिखलापासून हातभर अंतरावर होतं. माझ्या मनात एकच आलं, हा पडला तर मी उपडा पडणार आणि हा मला सोडणार नाही.

"परत चल," मी त्याच्या कानात म्हणालो. "गाडीत ठेव मला."

"नाही. जमतंय."

"जमत नाहीये. परत चल."

त्यांनी मला जसं काढलं तसंच खिडकीतून परत आत घातलं. माझ्या सदऱ्याला, सीटला, नव्या गाडीच्या त्या प्लास्टिकच्या वासाला, सगळ्याला खाडीचा चिखल लागला.

बर्गे सर कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले. ते जाऊ शकले हे बघून मला बरं वाटलं. अल्ताफ वाडीकडे धावत गेला होता, तो एका माणसाला घेऊन आला. तो माणूस सखल पट्ट्याच्या कडेला उभा राहून गाडीकडे टक लावून बघत होता. त्याचं नाव महादू चोगले, हे मला नंतर कळलं. त्याची होडी खाडीत होती. अल्ताफने तोंडापुढे हात धरून ओरडून सांगितलं ते मला तुटक ऐकू आलं. होडी आत्ता येत नाही. पाणी उथळ आहे, होडीही रुतेल. अजून पाणी चढलं की मग तो घेऊन येईल.

म्हणजे ज्या पाण्याला भ्यायचं त्याचीच वाट बघायची होती.

धैर्यशील पलीकडे गेला नाही. तो खिडकीतून आत चढला आणि स्टिअरिंगमागे बसला. त्याची विजार चिखलाने काळी झाली होती. ऊन उतरत होतं. पाणी चाकांभोवती फिरत होतं आणि त्याचा गाडीच्या पोटाखाली चाटल्यासारखा आवाज येत होता. मी पूर्वी कधी बंद जागेला घाबरलो नव्हतो. पण तिथे, उघड्या खिडकीपाशी, समोर अख्खा समुद्र असताना मला वाटलं की मला पेटीत घालून झाकण लावलंय. दार होतं, खिडकी होती, आणि माझ्या उपयोगाचं त्यातलं काहीच नव्हतं.

खाली बघितलं तर पायाशी पाणी आलेलं होतं. माझे बूट अर्धे बुडाले होते. पाय भिजलेत हे मला डोळ्यांनी कळलं.

"थंडी वाजतेय?" धैर्यशीलने विचारलं.

"वरच्या अर्ध्याला."

तो हसला नाही.

"धैर्या, एक सांगायचंय."

"बाहेर पडल्यावर सांग."

"बाहेर पडल्यावर तू ऐकून घेत नाहीस. काहीतरी बांधायला काढतोस."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"मला बढती मिळालीय. अमरावतीला. ऑफिस तळमजल्यावर आहे, राहायची जागा त्याच आवारात आहे. सोमवारी कळवायचंय. मी हो म्हणणार आहे."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी चालू असल्यासारखे.

"कधी कळलं?"

"ह्या वेळचं, पंधरवडा झाला."

"ह्या वेळचं म्हणजे?"

"ह्याआधी दोनदा नाही म्हटलं होतं."

"का?"

"पहिल्यांदा तू रॅम्प बांधून घेतला होतास. नुकताच. अजून पाणी मारत होतास त्यावर."

"म्हणजे रॅम्प नको होता तुला?"

"हवा होता रे. रॅम्प हवा होता, दांडे हवे होते. पण ते घेतल्यावर जायचं कसं? तू सकाळी दारात उभा राहतोस, मला उचलतोस. तुझं तोंड बघितलं की मला नाही म्हणता येत नाही. आई विचारते, त्याला काय सांगशील? मला आजवर उत्तर सुचलं नाही."

खालचं पाणी सीटच्या कडेपाशी आलं होतं. पुढच्या पडद्यावर एकामागून एक लाल दिवे लागले आणि मग पडदा काळा झाला. त्याने तिकडे लक्षही दिलं नाही.

"मग हे सगळं?" त्याने केबिनभर हात फिरवून दाखवला. "सफरी? डोंगर? ही गाडी?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "त्या दिवसानंतर मला डोंगरात जायची भीती वाटते. घाट लागला की मी मनात आकडे मोजतो. तू विचारतोस कसं वाटतंय, मी झकास म्हणतो."

मला वाटलं तो आता उठून पाण्यात उडी टाकेल आणि पोहत निघून जाईल. तेही मी समजू शकलो असतो.

"मी ओकतो," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी सुरू करायच्या आधी. दरवेळी. तुम्हाला सांगतो हवा बघून येतो, आणि कुठंतरी झाडामागं जाऊन ओकतो. आजसुद्धा. सात वर्षं झाली. एकट्याला गाडी चालवायची असली तर मी बस पकडतो. बायकोला ठाऊक आहे."

"मग घेतलीस कशाला ही?"

"तुला आवडतं म्हणून." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "दवाखान्यात असताना तू म्हणाला होतास, आता डोंगर संपले. भिंतीकडे तोंड करून म्हणाला होतास. मी म्हटलं, संपू द्यायचे नाहीत."

मला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवसांत मी खूप काही बोललो असेन. त्यातलं एक वाक्य उचलून हा माणूस सात वर्षं डोंगर चढत होता, आणि मला पाठीवर घेऊन.

"मला विचारलं असतंस," मी म्हणालो.

"तू सांगितलं असतंस."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात राग होता. मलाही राग आला होता. पाणी मांडीशी आलेलं, गाडी हळूहळू एका अंगाला कलत होती आणि आम्ही दोघं पुढे बघत, एकमेकांवर रागावून बसलो होतो. त्या क्षणी कुणी लांबून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, दोन मित्र सूर्यास्त बघतायत.

वल्ह्याचा आवाज आला. महादूची होडी माझ्या खिडकीशी येऊन टेकली. पुढे अल्ताफ बसला होता. महादू पस्तिशीचा, सडपातळ माणूस. आधी त्याने वाकून पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि टायर चाचपला.

"टायर भारी हायेत हो," तो म्हणाला. "आमच्या हितं अशे मिळत नायत. किती मैल चालतात?"

"आधी माणूस घे भाऊ," अल्ताफ म्हणाला.

"माणूस तर घेतोच." महादूने मला विचारलं नाही की कुठे धरू, दुखेल का. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि जाळं ओढावं तसं मला ओढलं. आतून धैर्यशीलने माझे पाय उचलून खिडकीबाहेर दिले. मी होडीच्या तळाशी, ओल्या जाळ्यावर उताणा पडलो. वर आभाळ होतं. माशांचा वास येत होता. सात वर्षांत पहिल्यांदाच मला धैर्यशीलखेरीज दुसऱ्या कुणी उचललं होतं, आणि तो माणूस माझं काही देणं लागत नव्हता, मीही त्याचं लागत नव्हतो. मला इतकं हलकं वाटलं की मला त्याची लाज वाटली.

"साहेब, तुमी पन या," महादू आत वाकून म्हणाला.

धैर्यशील हलला नाही. स्टिअरिंग धरून बसला होता. अल्ताफने हाक मारली, "दादा." मग मी हाक मारली. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. नुसतं नाव असेल. तेव्हा तो खिडकीतून निघाला आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून.

किनाऱ्यावर अल्ताफ आणि महादूने मला उचलून खुर्चीत ठेवलं. धैर्यशील बाजूला उभा होता, दोन्ही हात सुटे सोडून. त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. बर्गे सरांनी त्यांचा कोट माझ्या अंगावर घातला आणि माझ्या चपला चिखलात शोधत राहिले. माझे बूट पायातच होते. मग, शांतता सोसेना म्हणून असेल, ते हलक्या आवाजात अल्ताफला म्हणाले, "सपाट नक्षीचा टायर असता आणि आधीच हवा काढली असती, तर पार झालो असतो."

"असेल सर," अल्ताफ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला जेसीबीने सांबर बाहेर काढली. इंजिन गेलं, आतली सगळी तारांची जाळी गेली. टायरना मात्र काही झालं नव्हतं. धुतल्यावर नवे दिसत होते म्हणे. बर्गे सरांनी त्या दुपारचं चित्रण कुठेतरी टाकलं. पहिली फेरी, मग रुतलेली गाडी, मग नुसतं टपापर्यंत पाणी. त्याखाली आजही लोक भांडतात. कुणी म्हणतो टायर चुकला, कुणी म्हणतो चालवणारा चुकला, कुणी म्हणतो वजन जास्त. आत माणूस होता हे त्यात कुणाला दिसत नाही. दिसेल असं काही चित्रात नाहीही.

सोमवारी मी ऑफिसात हो म्हणून सांगितलं. रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. चढवायला रिक्षावाल्याची मदत घेतली. धैर्यशील सकाळी दारात आला नाही. त्यानंतरही आला नाही. आईने त्याच्या घरी जाऊन यायचं ठरवलं, तर मी नको म्हटलं. निघायच्या दिवशी सामान चढवायला अल्ताफ आला. जाताना म्हणाला, "दादाने गाडी काढून टाकली. क्लबातून पण नाव काढलं." मी विचारलं, "बरा आहे का?" तो म्हणाला, "बसने फिरतो. बरा दिसतो."

अमरावतीत मला पहिले काही महिने फार जड गेले. भाषेचा हेल वेगळा, ऊन वेगळं. आईला करमेना. दोनदा मी पडलो, एकदा ऑफिसच्या दारात, सगळ्यांदेखत. पण हळूहळू रुळलो. बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर घेतली, सगळं हाताने चालणारी. शिकलो. खुर्चीतून स्कूटरवर आणि स्कूटरवरून खुर्चीत मी स्वतः जाऊ लागलो, हे बघायला कराडचं कुणी नव्हतं, आणि ते तसंच बरं होतं.

दीडेक वर्षाने एका रविवारी फोन वाजला. नाव दिसलं तरी क्षणभर मला ते वाचता आलं नाही.

"बडनेऱ्याला उतरतोय," तो म्हणाला. "पत्ता सांग, रिक्षा करतो."

"थांब तिथंच. मी येतो."

स्टेशनबाहेर तो एक पिशवी घेऊन उभा होता. केस कमी झाले होते. त्याने मला लांबून येताना बघितलं, स्कूटर, जादा चाकं, हँडलवरचे माझे हात. तो उचलायला पुढे झाला नाही. मी थांबलो, हेल्मेट काढून त्याला दिलं.

"बस मागं."

"तू चालवणार?"

"मग काय ती आपली आपण जाणार आहे?"

तो बसला. पिशवी मांडीवर घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. गर्दीतून बाहेर पडेपर्यंत त्याची बोटं माझ्या हाडात रुतत होती.

"हळू," तो म्हणाला.

"विसावर आहे."

"तरी हळू."

मी आणखी हळू केली. सायकलवरच्या दोन मुली आम्हाला मागे टाकून हसत पुढे गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब होते. मागे वळून बघायचा मोह मी आवरला. नाका गेला, पेट्रोल पंप गेला. माझ्या खांद्यावरची पकड जराशी सैल झाली, मग आणखी जराशी.

"थोडी वाढवलीस तरी चालेल," तो म्हणाला.